आईचा हात, सगळीकडे एकच

भयपटाच्या जाहिरातीचं काम मिळालं तेव्हा मी सगळ्यांत आधी नियमांची पुस्तिका लिहिली. काम जमत नसलं की माणूस नियम लिहितो. मी कुठल्या कलाशाळेची पायरी चढलेलो नाही. औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं करत करत इथवर आलोय, त्यामुळे माझे नियम शिकलेल्यांपेक्षा कडक होते. पोस्टर, बॅनर, तिकीट, पॉपकॉर्नचा डबा, सगळीकडे लाल एकच, अक्षर एकच, नाव एकच दिग्दर्शकाचं, भुताचा हात एकच. "हात बदलला तर भीती मेली!" असं मी टेबलावर मूठ आपटून निर्मात्याला सांगितलं. तो दचकला. जे त्याच्या सिनेमाला जमलं नाही ते मी करून दाखवलं.

हात माझ्या आईचा होता. हे मात्र मी त्याला सांगितलं नव्हतं. फोटोमागे पांढरं काहीतरी हवं म्हणून मी तिची कोरी चादर कापली होती. तिने हात उगारला आणि माझ्याकडून मोबाइलचं बटण दाबलं गेलं. बोटं फाकलेली, मनगट मागे वळलेलं. असला हात कुठल्याही मॉडेलला जमणार नाही. त्यासाठी माझ्यासारखा मुलगा जन्माला घालावा लागतो.

घोडं अडलं ते कटआउटपाशी. थिएटरच्या दारात माणसाएवढा हात उभा करायचा होता. मोबाइलवरचा फोटो तेवढा ताणला तर त्याचे चौकोन चौकोन झाले. छपाईवाला म्हणाला, "हे भूत आहे की बाथरूमच्या फरशा?" निर्मात्याने बजावलं, संध्याकाळपर्यंत तोच हात मोठा करून द्या, नाहीतर सगळंच काम दुसऱ्या एजन्सीकडे जाईल. वर माझ्याच पुस्तिकेतलं वाक्य मला वाचून दाखवलं. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून इतकं मूर्ख वाटतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग उसना कॅमेरा गळ्यात अडकवून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. ताई दिवा धरून स्टुलावर. आईने हात उगारला.

फोटोत भूत नव्हतं. तथास्तु होतं.

"आई, चीड ना जरा."

"कशाला चिडू? माझ्या हाताचा फोटो बसवर लागलाय. अख्ख्या जिन्याला सांगितलंय मी."

मी कप फोडला. "जाऊ दे, कान तुटकाच होता." तुझ्या हाताला चव नाही म्हणालो. "बरं झालं, उद्यापासून तू रांध." शेवटी कपाटातली चादर काढून तिला कात्री लावली. आईने ती माझ्याकडून काढून घेतली आणि दुसरी दिली. "ही काप. विरलीच आहे."

"जन्मभर फुकट चिडवलंस तिला," ताई म्हणाली, "आणि आता पोटासाठी चिडवायचं तर जमेना. वा रे कलाकार!"

तेवढ्यात निर्मात्याचा फोन आला. ताईने तो उचलून स्पीकर लावला.

"त्या हातवाल्या बाईची संमती लागेल. कोण आहे ती?"

आई म्हटलं तर हा हसेल, असं वाटलं मला. मोठा आलाय ब्रँडवाला, आणि भूत घरचंच. "आहे एक म्हातारी," मी म्हणालो. "लोकांची भांडी घासते. कुठेही अंगठा लावेल."

आईचा हात वर गेला. फाकलेली बोटं, मागे वळलेलं मनगट. कोनसुद्धा तोच.

"अरे, दाब!" ताई ओरडली.

मी दोन्ही हातांनी गाल झाकून घेतले. लहानपणची सवय. कॅमेरा पोटावर लोंबकळत राहिला. थप्पड काही आली नाही. आईने ओट्यावरचं फडकं घेतलं, खाली बसली आणि कपाचे तुकडे गोळा करू लागली. लोकांची भांडी घासणारी म्हातारी करील तसे. मुद्दाम.

"अहो, ऐकताय ना?" फोनमधून आलं.

"साहेब," मी म्हणालो, "ती माझी आई आहे. आणि हाताखाली तिचं नाव लागेल. दिग्दर्शकाच्या नावाएवढं. सगळीकडे."

कुणी मागितलं नव्हतं. आईनेही नाही.

"तुमचाच नियम आहे ना, पोस्टरवर दुसरं नाव नको?"

"नियम चुकलाय."

"हे बघा, हात म्हणजे हात. कुठलीही म्हातारी उभी करू आम्ही. तुमचं काम इथेच थांबलं."

आई तुकडे टाकून उठली. "ए! माझ्या पोराचं काम काढणारा तू कोण रे?" म्हणत तिने फोनवर हात उगारला. तिकडून फोन केव्हाच बंद झाला होता. या वेळी गाल माझा नव्हता, त्यामुळे हात मोकळे होते. मी बटण दाबलं.

फोटो बघून ताईने दिवा खाली ठेवला. थिएटरच्या दारात तो उभा राहिला असता तर लोक तिकीट टाकून पळाले असते. आणि मला काम उरलं नव्हतं.

"तरी पाठव त्याला," ताई म्हणाली. "जळू दे."

"नाव घालून पाठव," आई म्हणाली.

सिनेमासाठी केलेल्या रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत मी तिचं नाव लिहिलं. तिने चष्मा लावून बघितलं.

"हे काय, माझं नाव गळतंय?"

मी थेंब पुसत गेलो. शेवटी साधं, जाडजूड नाव उरलं, पुस्तिकेतल्या एकाही पानाशी न जुळणारं. तसंच पाठवून दिलं.