फाटकाजवळची खडी

“एका हँडलला एवढा वेळ? एवढ्यात माझ्या दोन पँटी बेतून झाल्या असत्या,” ताई मिस्त्रीच्या कानाशीच कुरकुरली. आपण हळू बोललो असं तिला वाटलं. तिचं हळू बोलणं समोरच्या दुकानापर्यंत जायचं.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या या धाकट्या भावाने मान वर केली नाही. “होतंय गं.”

“मागच्या वेळी तर चुटकीसरशी केलं होतंस.”

वाक्य तोंडातून निसटलं. स्टुलावर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, भाऊजींनी, उगाच उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळायला घेतली.

मागच्या वेळी भाऊजींना उंच हँडल हवं होतं. अर्धं आयुष्य कापडावर वाकून काढलेला टेलर; निदान मोटारसायकलवर तरी ताठ बसेन म्हणाले. उंच हँडलला रेसची, म्हणजे मूठ पिळली की इंजिनाचा वेग वाढवणारी, केबलही लांब लागते, आणि ती दुसऱ्या दिवशी येणार होती. पण भाऊजींना घाई होती, आणि घरच्या माणसाला हात हलवत परत पाठवणं मिस्त्रीच्या जिवावर आलं. त्याने जुनीच केबल ओढूनताणून बसवली. पोचली. हँडल वळवूनही पाहिलं. पण दुकान चिंचोळं, गाडी भिंतीला खेटून उभी. उजवीकडे पूर्ण वळलं. डावीकडे वळवताना चाक भिंतीला अडलं. राहिलेलं वळेलच, असं तो धरून चालला.

संध्याकाळी भाऊजी घरच्या फाटकातून अगदी सावकाश डावीकडे वळले. हँडल पूर्ण वळलं, केबल ताणली गेली आणि मूठ न पिळताच इंजिन किंचाळलं. गाडीने उसळी घेतली ती थेट फाटकाच्या खांबावर. भाऊजींचं उजवं मनगट खांब आणि मूठ यांच्यामध्ये सापडलं.

“खडी होती तिथं, घसरली गाडी,” हे पहिल्यांदा कोण बोललं कुणास ठाऊक. मिस्त्रीने ते दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकलं आणि मुकाट्याने खिशात घातलं. मोडकी गाडी उचलायला गेला तेव्हा त्याने एकट्याने हँडल डावीकडे वळवून पाहिलं होतं. एकदाच. ताणलेली केबल बोटाला तारेसारखी लागली.

तेव्हापासून खडी घरातलंच एक माणूस होऊन बसली. आल्यागेल्याने तिच्या नावाने बोटं मोडायची, शेजारणींनी तिचा उद्धार करायचा. भाऊजींना कात्री काही पुन्हा पेलली नाही. आता ते खडूने रेघा मारतात आणि ताई कापते. तिच्या अंगठ्याला घट्टा पडलाय. तो नजरेस पडला की मिस्त्री चहा अर्धा टाकून उठतो.

आज त्याने गाडी दुकानाबाहेर मोकळ्यावर घेतली होती. हँडल बुटकं, पहिल्यासारखं. हँडलवरच्या हॉर्न-दिव्याच्या बटणांच्या डबीत आतून एक बारकी खुंटी असते. ती हँडलच्या भोकात बसली की डबी जागची हलत नाही. घाईत असले की लोक खुंटीच कानशीने घासून टाकतात. त्याने मापून भोक पाडलं. खुंटी बसली. मग भाऊजींना सीटवर बसवलं.

“हात ठेवा. असा नाही भाऊजी, तुमच्या सवयीने.”

“सवय राहिलीय कुठे, मेहुणेबुवा!”

ब्रेकच्या लिव्हरला त्यांची बोटं पोचेनात. मिस्त्रीने तो सैल केला. थोडा खाली, थोडा जवळ, अजून थोडा जवळ. बोटं एकेक करून आली. करंगळी तेवढी बाहेर राहिली.

“तिला सोड,” भाऊजी म्हणाले, “ती रजेवर आहे.”

हसायला कुणालाच जमलं नाही.

मग इंजिन चालू ठेवून हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे. आवाज तसाच, संथ. पुन्हा डावीकडे. पुन्हा.

“अरे, हँडल आहे की पाळणा?” म्हणत ताई फडकं आणायला दुकानात शिरली. बाहेर आली ती हातात एक पाकीट घेऊन. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. “ही कोरी केबल खिळ्याला टांगून ठेवलीयस आणि गाडीला जुनीच?”

“ती... या हँडलला लांब होते.”

“मग आणलीस कशाला?”

मिस्त्री पाना पुसत राहिला. भाऊजी टाकीवरचा नसलेला डाग नखाने खरवडू लागले.

ताईने पाकीट फोडलं. खांद्यापासून बाही मोजावी तशी ती केबल गाडीवरच्या केबलला लावून धरली. टोकाला चांगली वीतभर उरली. त्या उरलेल्या वितीकडे ती बघत राहिली. कापडाचं गणित आता तिलाही येत होतं. बाही आखूड बेतली तर हात खाली असेपर्यंत काही कळत नाही. हात उचलला की ओढते.

“ताई, मी...” मिस्त्रीने पाना खाली ठेवला. “त्या दिवशी ती खडी...”

भाऊजींनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

“कसली खडी?” ताई म्हणाली, आणि या खेपेला खरोखरच हळू म्हणाली. “त्या दुपारी फाटक मीच झाडलं होतं. एक खडा नव्हता तिथं. केबल आखूड होती.”