रडण्याची खूण

ताप उतरला आणि माझ्या आईने सुतमीचे कान तपासायला घेतले. तापात लेकरांचे कान जातात, असं तिने कुठे ऐकलं होतं.

सुतमी दीड वर्षाची. तोंडाने अजून एक शब्द नाही, पण त्याची मला काळजी नव्हती. तिचा बाप बहिरा, त्याची आई बहिरी, आणि या डोंगरातल्या गावात बहिरे इतके की ऐकणारी माणसंही हातांनी बोलतात, भांडतातसुद्धा. तान्ही होती तेव्हापासून ती मूठ उघडमीट करून दूध मागते. आपली पोर इतक्या लवकर बोलते याचा मला भारी तोरा होता.

आईने तिच्या पाठीमागे उभं राहून पातेल्यावर झाकण आपटलं. पोर केळं चिवडत बसलेली. मान हलली नाही. पुन्हा आपटलं. पिंजऱ्यातला कोंबडा फडफडला, सुतमी नाही. मी हाक मारली. नाहीच. याआधी ती हाकेला वळायची का? मला आठवेना. या घरात हाक मारायची म्हणजे जमिनीवर पाय आपटायचा. नावाने मी तिला कधी बोलावलंच नव्हतं.

"बघितलंस, लुह?" आई म्हणाली. "आणखी शिकव हातवारे."

"मेमे," मी आईला म्हटलं, "हातवाऱ्यांनी कान जात नाहीत."

"मग कशाने गेले, सांग ना. आता गप्प का?" तिने सुतमीचे केळ्याने बरबटलेले हात पुसले. "उद्या मी हिला माझ्याबरोबर शहरात, सिंगराजाला नेते. डॉक्टरला दाखवते, आणि बोलायला लागेपर्यंत माझ्याकडेच ठेवते. इथे राहिली तर पोर हातची जाईल."

मी नाही म्हणाले नाही. भीतीने माझी अक्कलच गेली होती.

माझा नवरा सुदर्मा दारातून आमचे चेहरे बघत होता. काय झालं, त्याने हातांनी विचारलं. मी सुतमीकडे दाखवलं आणि कानाला बोट लावलं. बहिरा म्हणायची आमची खूण तीच.

तो हसला. "मग? माझ्यासारखी. घाबरायचं काय त्यात?"

काय सांगणार? या माणसावर माझा जीव आहे, आणि पोर त्याच्यासारखी निघेल म्हणून मी घाबरले होते. चेहरा वाचण्यात त्याचा हात कोण धरणार. त्याचं हसू मावळलं, आणि तो डुकरांना खायला घालायला निघून गेला.

संध्याकाळी आई झऱ्यावर आंघोळीला गेली. मी सुतमीचे कपडे पिशवीत भरले, मग स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढे बसून मोठ्याने रडले. या घरात मी नेहमी अशीच रडते, गळा काढून. तोंड दाबावं लागत नाही. भिंत विटांची, बाहेरून दिसत काही नाही, आणि ऐकणारं कोणी नसतं.

पायाखालची जमीन दणदणली. मागे सासूबाई उभ्या होत्या, कडेवर सुतमी. दादोंग म्हणतो आम्ही त्यांना, आजी.

"का रडतेस?" त्यांनी मोकळ्या हाताने विचारलं.

मी डोळे पुसले. "तुम्हाला कसं कळलं?"

"हिने सांगितलं. अंगणात माझ्याजवळ पानांशी खेळत होती. एकदम थांबली आणि तुझी खूण केली."

सुतमीने ती पुन्हा केली. पंजा छातीवर: आई. मग दोन बोटं गालांवरून खाली: रडते. आणि भिंतीकडे बोट.

पोर ऐकत होती. विटांपलीकडून ऐकत होती. झाकणाला ती वळली नव्हती, कारण या घरात झाकणाला कोण वळतं? दादोंगच्या हातून दिवसभर भांडी पडतात आणि त्या मागे बघत नाहीत. त्यांच्याच मांडीवर ती वाढली. भांड्याचा आवाज तिच्या लेखी पावसासारखा, होतच असतो. माझं रडणं मात्र तिने ओळखलं होतं आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना सांगितलं होतं.

ती कुठेही जाणार नव्हती. आईला ते सांगणं आता सोपं होतं.

पण दादोंग हलल्या नव्हत्या. "सांग ना," त्यांचा हात म्हणाला. "का रडत होतीस?"

तुमच्यासारखी होईल म्हणून, हे त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून कसं सांगायचं? एखादी थाप मारावी म्हणून मी हात वर केले. सुतमी टक लावून माझ्या हातांकडे बघत होती. ते तसेच वर राहिले.