गाडी स्लोला राहत नव्हती

शहापूरच्या रस्त्यावर, शेणव्याच्या अलीकडच्या चढणीवर कमळूची मोटारसायकल तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा साडेनऊ वाजले होते. मागे बसलेली त्याची बायको मैना खाली उतरली. तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत कंपासपेटी, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं हॉल तिकीट. अकरा वाजता शहापूरला तिचा दहावीचा गणिताचा पेपर होता.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. मैना तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. सातवी झाली आणि तिचं लग्न झालं, पुस्तकं तिथंच सुटली. पुढे डोळखांबच्या वरच्या अंगाला त्यांच्या पाड्यावर अंगणवाडी निघाली, मैना तिथं मदतनीस लागली आणि तिच्या मनानं घेतलं की आपण दहावी व्हायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसली. बाकीचे विषय निघाले, गणित दोनदा राहिलं. "ह्या टायमाला नाय निघालं तर पुस्तकं चुलीत घालीन," असं ती म्हणाली होती. ती बोलेल तसं करणारी बाई आहे, हे कमळूला चांगलं ठाऊक होतं.

आदल्या दिवशी ती एसटीनं शहापूरला मावशीकडे मुक्कामाला निघाली होती. कमळूनंच तिला अडवलं.

"घरची गाडी असता मावशीकडं कशाला गो? मी नेतो ना तासाभरात."

पाड्यावर तेवढी एकच मोटारसायकल. खर्डीच्या एका रेल्वेतल्या माणसाकडून जुनीच घेतलेली, पण कमळूला तिचा कोण अभिमान. गाडीचं दुखणं मात्र वर्षभराचं होतं. ती स्लोला राहायची नाही. मूठ सोडली की विझायची. मग कमळू कार्बोरेटरचा स्लोचा स्क्रू जरा आत पिळायचा. त्यानं गाडी थंडीत बरी चालायची आणि तापली की उभ्या जागी बोंबलत राहायची. मग स्क्रू पुन्हा उलटा. मुरबाडचा नवसू मेस्त्री एकदा स्पष्टच बोलला होता, "कमळ्या, स्क्रू पिळून काय व्हनार? ती कुठनं तरी हवा खाते. दोन दिवस सोडून जा." कमळूला ते लागलं. आपली गाडी आपल्याला कळत नाय काय, म्हणून तो परत तिकडं फिरकलाच नव्हता.

चढणीवर त्यानं किका मारल्या. सातव्या किकेला गाडी लागली, पण गिअर टाकून क्लच सोडला की धाप लागल्यासारखी गचकून बंद. चोक ओढला तर थोडी चालायची, मग काळा धूर ओकायची. तेवढ्यात मागून डोळखांबची जीप आली. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"काय रं कमळू, येताय का? एक सीट होईल."

मैना पुढे झाली. आणि कमळूच्या तोंडून निघून गेलं, "नको नको, व्हतेच चालू आता."

जीप गेली. मैनानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर त्याला चटका बसावा तशी लागली.

"दुसरी येईल," तो म्हणाला.

"कंदी?"

मागं रस्ता रिकामा होता.

त्यानं कार्बोरेटरची खालची वाटी खोलली. पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा स्लो जेट बाहेर काढला, तांदळाच्या दाण्याएवढा. फुंकर मारायला तोंडाशी नेताना तो बोटांतून निसटला आणि रस्त्याकडेच्या पाचोळ्यात पडला. दोघं गुडघ्यांवर बसली. कमळू दोन्ही हातांनी पाला उपसायला लागला तशी मैना ओरडली, "हात लावू नका! हलवू नका काय!" तिनं एकेक पान उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. दहा मिनिटं गेली. कमळूच्या कानात नुसतं घड्याळ वाजत होतं. शेवटी जेट सापडला तो मैनालाच, तिच्या चपलेच्या बोटभर अंतरावर.

साफ करून बसवला. गाडी लागली. कमळूनं मूठ सोडली. इंजिन क्षणभर संथ चाललं, मग आपसूक चढत गेलं, चढत गेलं, आणि खाली येऊन मेलं.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर रस्त्यावर आपटला. टाकीवर मूठ मारली आणि तो तसाच धुळीत बसला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. शहापूर अजून सतरा-अठरा किलोमीटर. चालत जायचं म्हटलं तर पेपर संपून जाईल. त्याला वाटलं, आपण गाडी नाही, हिची दोन वर्षं बंद पाडली. दिवसभर अंगणवाडीत राबून कंदिलापाशी गणितं सोडवणारी ही बाई, आणि आपण तिला ह्या चढणीवर आणून उभं केलं.

"मैने, माझं चुकलं गो," तो म्हणाला.

"ते मागनं." ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. "तुमी वरीसभर ह्यो एकच स्क्रू पिळताय. एकाच जागी किती बारी तपासाल? मेस्त्री काय म्हनला व्हता?"

"हवा खाते म्हनला."

"मग हवा कुठनं जाते ते बघा ना."

कमळू उठला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा जाड जोड होता. वरून तो धडधाकट दिसत होता. पण नवसूच्या दुकानात त्यानं एकदा पाहिलं होतं, मेस्त्री चालू गाडीच्या जोडावर पाणी सोडतो. चीर असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

"बाटली दे. मी रेस धरतो, तू थेंब थेंब सोड. वरनं, मग बाजूनं, मग खालनं."

पुन्हा किका. मांडी भरून आली. गाडी लागली तशी त्यानं मूठ धरून ठेवली. मैनानं वरून पाणी सोडलं, काही नाही. बाजूनं, काही नाही. मग तिनं ओल्या बोटांनी खालच्या अंगाला पाणी लावलं आणि इंजिन अडखळलं, जणू कुणी गळा दाबला.

"हितं!" ती म्हणाली.

कमळूनं गाडी बंद केली. खाली वाकून बोट फिरवलं तर नखाला चीर लागली, चांगली बोटाच्या पेराएवढी. वर्षभर तो ह्याच भोकाची भरपाई स्क्रूनं करत होता.

कॅरिअरला सामान बांधायची सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. जोड पदरानं कोरडा पुसून मैनानं पट्टीचं टोक दाबून धरलं, कमळूनं ताणून सात-आठ वेढे दिले आणि वरून तार आवळली. मग त्यानं कार्बोरेटरचा दुसरा, हवेचा स्क्रू पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला. स्लोचा स्क्रू थोडा आत घेऊन दुसऱ्या किकेला गाडी लावली आणि तो स्क्रू अगदी हळू, तसूतसूनं मागे घेत गेला. इंजिन खाली आलं. आणखी खाली. आणि तिथंच टिकलं. न चढता, न विझता.

पावणेअकरा.

नंतरच्या रस्त्यातलं कमळूला फारसं आठवत नव्हतं. खड्डे चुकवायचं त्यानं सोडून दिलं होतं. मागे मैना त्याच्या पाठीशी सूत्रं पुटपुटत होती आणि मध्येच थांबली की तो मूठ आणखी पिळायचा. दोघं शाळेपाशी पोचली तेव्हा अकरा वीस झाले होते. फाटक लावलेलं. शिपाई हलायला तयार नव्हता. कमळूनं त्याच्यापुढे काळे हात जोडले, "माझी चूक हाय साहेब, तिची नाय." आतून एक बाई आल्या. त्यांनी हॉल तिकीट पाहिलं, मैनाचे काळे तेलकट हात पाहिले, घड्याळाकडे पाहिलं. "अर्धा तास झाला नाही अजून. पळा. हात धुऊन मग पेपर धरा."

कमळू कुंपणाशी उभा राहिला. सावलीत बसायला त्याचा जीव होईना.

दोन वाजता ती आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"शेवटचं अख्खं प्रमेय राह्यलं," ती म्हणाली. "काढायला आलं असतं. टाइम नाय पुरला."

कमळू तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, तोंडावर हात घेऊन रडला. मैनानं त्याला गप्प केलं नाही. रडू दिलं.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेच्या खिडकीतून गुणपत्रिका घेऊन मैना भिंतीशी गेली आणि कमळूला मात्र जवळ जायचं धाडस होईना. तिनंच त्याला हात केला. गणितात एकेचाळीस. पास.

"वीस मिनटं आनखी असती तर..." कमळू म्हणाला.

"तर पन्नास पडलं असतं," मैना म्हणाली. ते तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं आणि मग ती इतकी हसली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.