अर्धा कोयता

ऊसतोडीला माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हंजी अर्धा कोयता, अन् अर्ध्याला मुकादम गाडीत बी घेत न्हाई.

माझा भाऊ कोंडीबा दर साली दिवाळी झाली की बायकोला, शेवंताला, घेऊन तोडीला जातो. त्यांची कोमल माझ्यापाशी ऱ्हाती. आमचे मालक वारल्यापासून मी हट्टा गावातच, भावाच्या घरी. पोरीला पहिलीपासून शाळेत मीच रेटलं. आता सातवीत हाय.

औंदा दसऱ्याला भिंती सारवताना शेवंता शिडीवरून पडली अन् उजवा हात मोडून बसली. कोंडीबा मला म्हणला, "आक्का, औंदा कोमलला नेतो. अर्धा कोयता ती भरून काढंल."

माझं टाळकंच सरकलं. "मुडद्या, पोटच्या लेकराला अर्धा कोयता म्हणून राहिलास? जीभ कशी झडली न्हाई तुझी?"

"मंग काय करू? एकच साल तर हाय."

म्हणे एकच साल! मला का ठाऊक न्हाई? सहा महिने उसात राहिलेली पोरगी परत वर्गात बसायला लाजती. मंग घरच्यांना ती मोठी दिसाया लागती, अन् पुढच्या हंगामाआधी तिचं लगीन उरकतात. काहून? तर कोयता पुरा व्हावा म्हणून. शेजारच्या प्रियंकाचं असंच झालं. कोमल दारात उभी होती. रडत बी नव्हती, नुसती माझ्याकडं बघून राहिली. जीव तुटला माझा.

"मी येते," म्हणलं. "बहीण-भाऊ, झाला की एक कोयता! मुकादमाला सांग, बाई म्हातारी हाय पण हात चालतो."

कोंडीबानं मुकादमाला फोन लावला.

गाडी आली त्या दिवशी मी बोचकं वर टाकलं. शेवंता माझ्या मागं मागं, हात गळ्यात बांधलेला. मला वाटलं, रडायला आली. तर हळूच कानाशी लागली, "आक्का, हिची शाळा किती वाजता भरती? अन् डबा द्यावा लागतो का?"

सातवीतल्या पोरीची माय ती! आधी मला रागच आला. मंग सांगता सांगता माझंच रडू आवरंना. अर्धं साल ती उसात, अन् घरी असली तरी पोरीच्या शाळेचं समदं मीच बघायची; त्या बिचारीला ठाऊक असंल कसं?