चालतं धुणंघर

बाहेरच्या बाकावर बसून मावशीला तास झाला होता. आत जतन समिती अर्ज तपासत होती. गावातल्या जुन्या वास्तूंचा निधी दरवर्षी हीच समिती वाटायची, आणि तिची रीत ठरलेली होती. चार रकाने, शंभर गुण, साठच्या वर गेलात तर पास! आता पाळी सार्वजनिक धुणंघराची. छपराची मधली तुळई तडकलेली, आणि समितीचा इंजिनियर लिहून गेलेला, सोमवारपर्यंत बदला, नाहीतर टाळं ठोका. टाळं लागलं की मावशीसकट अकराजणींच्या पोटावर पाय. सगळ्या तिथेच लोकांचे कपडे धुऊन पोट भरायच्या.

अर्ज मावशीने सांगितला होता आणि पुतणीने लिहिला होता. धुण्याचा कुठला दगड कधी झिजला, कोणी बदलला, कौलं कधी चाळली, नळ कधी बसवला, सगळं सालवार.

"काकू, एवढं कशाला लिहायचं?" पुतणी म्हणाली होती.

"लिही गं! आम्ही हयगय केली नाही, हे कळू दे त्यांना."

शेवटी एकदाचं बोलावणं आलं. अध्यक्ष गोड हसले.

"मावशी, तुमच्या कष्टांचं कौतुक आहे. पण 'मूळ अवशेष' या रकान्यात तीसपैकी चारच गुण बसतात, त्यामुळे बेरीज साठपर्यंत जात नाही. तुमच्याच अर्जात आहे, सोळांपैकी बारा दगड नंतरचे."

"अहो, झिजले म्हणून बदलले!"

"तेच तर म्हणतोय मी."

"आणि त्या पडक्या गिरणीला किती दिलेत?"

अध्यक्ष खोकले. सचिवबाई बिचाऱ्या सरळ, त्यांनी कागद बघून सांगून टाकलं, "तीसपैकी तीस."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गिरणीत कित्येक वर्षांत माणूस फिरकला नव्हता. एक धुराडं आणि बाकी झुडपं!

"म्हणजे आम्हीही हात न लावता सगळं पडू दिलं असतं, तर पहिला नंबर आला असता म्हणा की!"

एका सभासदाने उगाच चष्मा पुसला.

"मार्ग आहे," अध्यक्ष म्हणाले. "धुणं बंद करा. छप्पर आम्ही घालून देतो. दगडांभोवती साखळी, दारात फलक, भिंतीवर तुमचा मोठा फोटो. वापर थांबला की झीज थांबते, मग गुण आपोआप भरतात."

"मी अजून मेले नाहीये, साहेब."

सचिवबाईंनी सहीचा कागद पुढे सरकवला. खोटं कशाला बोला, मावशीला क्षणभर मोह झाला. छप्पर पक्कं होणार होतं, त्याची जन्मभराची काळजी मिटणार होती. मग तिला ते दगड कोरडेठाक पडलेले दिसले.

"ते बारा दगड आम्ही धुणं चालावं म्हणून बदलले," ती म्हणाली. "धुणंच नाही, तर तुमचं छप्पर काय डोक्यावर घेऊन नाचू?"

तिने कागद परत ढकलला आणि ती तरातरा निघाली ती थेट दिराच्या सुतारखान्यात.

दिराने स्वतःच्या माळ्यासाठी एक चांगली तुळई राखून ठेवली होती. त्याने कपाळाला हात लावला, मावशीला चार शब्द सुनावले, आणि तुळई काढून दिली. शनिवार-रविवार अकराही जणींनी बाह्या सरसावून दोर ओढले. खाली पुतणी "सावकाश, सावकाश!" म्हणून घसा फोडत होती.

सोमवारी सकाळी सचिवबाई कुलूप घेऊन आल्या. वर नवी तुळई बसली होती. अर्धी कौलं अजून बाहेरच रचलेली, त्यामुळे दगडांवर ऊन पडलं होतं, आणि अकराही जणी धुण्याला लागल्या होत्या. कपडे आपटण्याच्या आवाजात बाईंना दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"मावशी, परवानगी न घेता? मी साहेबांना काय सांगू आता?"

मावशीने हातातली चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली.

"सांगा, धुणं चालू आहे. आणि दारातून सरका बाई, कौलं आत यायचीत."