बोटं मोजणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. बोलिव्हियातल्या चिकितोस भागात, चर्चच्या पडवीला लागून कासियानोमास्तरांची वाद्यांची खोली आहे, तिथे मी खिळ्याला लटकते. माझ्या अंगावर पंख्यासारख्या रेघा कोरल्या आहेत. वाद्य शिकायला येणाऱ्याने माझ्यावर हात ठेवून बोटं फाकवायची. ती पोचतील त्या मापाचं वाद्य त्याला मिळतं. काय एकेक तऱ्हा! कुणाची करंगळी रुसल्यासारखी लांब पळते, कुणाची अनामिका शेजारणीला सोडतच नाही. देवाने एका माणसासारखा दुसऱ्याचा हात केला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

आमच्याकडे रीत अशी, की आधी क्रूसाची खूण करायची आणि तोच उजवा हात माझ्यावर ठेवायचा. तारा दाबतो डावा. पण मुलांचे दोन्ही हात सारखेच, म्हणून कधी काही बिघडलं नाही.

मग पेत्रोनाबाई आली. तिचा नवरा चेलो, म्हणजे ते मोठं, खर्जातलं व्हायोलिन, वाजवायचा. तो गेल्यापासून सणाची गाणी खर्जावाचून पोरकी झाली होती. तिला त्याचाच चेलो हवा होता. तिने क्रूस करून हात ठेवला. उसाच्या चरकात चेंगरलेली ती बोटं जेमतेम हलली.

"बाई, नाही जमायचं," मास्तर हळूच म्हणाले. "चेलो दुसऱ्या कुणाला देतो."

"द्या की! मोठं पुण्य लागेल!" ती फणकारली. डोळे मात्र भरले.

जाता जाता मला खिळ्याला अडकवायला तिने डाव्या हाताने उचललं. दोऱ्यांच्या झोळ्या विणून सैलावलेला तो हात! अंगठा माझ्या एका काठाला, करंगळी दुसऱ्याला.

"थांब, थांब!" मास्तर ओरडले. "हा हात कुठे लपवला होतास?"

"विचारला कोणी? देवाच्या कामाला डावा हात पुढे करतात होय?"

"अगं, तारा काय उजव्याने दाबणार आहेस? आणि मी तरी इतकी वर्षं काय मोजत बसलो!" मास्तर खोकला येईपर्यंत हसले. मग तारांवर फिरवायच्या गजाला चामडं गुंडाळून त्यांनी तिच्या उजव्या हातासाठी जाड मूठ केली.

सणाला गावच्या वडीलधाऱ्यांनी आमच्या रीतीप्रमाणे प्रवचन गाऊन सांगितलं. त्यापाठोपाठ गाणी सुरू झाली आणि पेत्रोनाबाईचा खर्ज भिंतीतून माझ्या लाकडात उतरला. मी खिळ्यावर थरथरत होते.

आता माझ्या रेघा झिजल्या आहेत, एक काठ वाळवीने खाल्लाय. मित्रांनो, अधूनमधून मला तेलाचा हात फिरवा. आणि कुणाला 'तुला जमणार नाही' म्हणण्याआधी, एवढं करा, त्याला दुसरा हातही पुढे करायला सांगा.