पाळण्यावर वाकायचं आत्यानं

"आबा, तुमच्या पोथीत नकुसा नावाची देवी कंच्या अध्यायात हाय?"

विचारलं एकदाचं. अंजनाला वाटलं, जिंकलं. शाळेत पैज लागली होती ती हीच, आणि लावली होती तिच्या वर्गातल्याच एका नकुसानं. तीन बहिणींच्या पाठीवरची ही चौथी. हजेरीला गुरुजींनी नाव पुकारलं की 'हजर' असं ठणकावून म्हणायची की मागच्या रांगेतली पोरं दचकायची. "तू आत्या हायस न्हवं? उद्या बारशाला पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव तूच सांगणार. मग इचार की तुझ्या आबास्नी. का जीभ शाळंतच चालती?" बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. नकुसा मात्र हसली नव्हती.

अंजनाचे आबा, सयाजीराव, म्हणजे कुंडल गावातली नावांची खाणच. श्रावणात देवळात पोथी तेच वाचायचे. कुणाच्या घरी पाळणा हलला की बाप आधी यांच्या ओसरीवर हजर. आबा डोळे मिटायचे, सुपारी चघळायचे आणि नाव काढायचे. गावात दोन अभिमन्यू, एक घटोत्कच आणि दमयंत्या तर गल्लोगल्ली. स्वतःची पहिली नात सुभद्रा, दुसरी द्रौपदी. पण अंजनाच्या थोरल्या भावाला, कृष्णातदादाला, तिसरीही लेक झाली आणि आबांची पोथी मिटली. घरात ठरलं, हिला नकुसा म्हणायचं. म्हणजे लेकी आता पुरे हे देवाला कळतं आणि पुढचा मुलगा होतो. घरोघर हेच चालायचं.

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. "कुनी शिकवलं ह्ये?"

"म्याच इचारतीया. सांगा की."

"न्हाई कंच्या अध्यायात," आबा म्हणाले, आणि आईकडं बघत राहिले.

आई सुपात हरभरे निवडत होती, उद्याच्या घुगऱ्यांसाठी. "शाळंत घातली तवाच चुकलं. लय शानी झालीया."

"आये, साऱ्या गावाला आबांनी देवादिकांची नावं वाटली, आन् आपलीच पोर नकोशी?"

"पोर नको म्हंतंय कोन?" आईचा आवाज एकदम चिरकला. "किस्ना कुठं हाय सांग बघू. तुझ्या भूगोलात घावतोय का?"

दादा आखाडात रजा संपवून लढाईवर गेलेला. इटलीत आहे एवढंच ठाऊक. दिवाळीनंतर पत्र नाही, आणि आता शिमगाही होऊन गेला.

"नकुसा म्हटलं की देवाला फुडचं पोर द्यावंच लागतंय," आई म्हणाली. "आन् त्यापायी माझा किस्ना माघारी धाडावा लागतोय. दुसरं नाव ठेवलंस तर देवाला काय सांगितलंस? झालं तेवढं पुरं, असंच की. उद्या तार आली म्हंजी?"

वाटेनं येताना अंजनानं चांगली झणझणीत उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही यावर चालेना. आई पोरीचा राग करते असंच ती धरून चालली होती. ती उठून आतल्या खोलीत गेली.

राहीवैनी बाजेवर बसून बाळाचे तळवे चोळत होती. बाहेरचं सगळं तिनं ऐकलेलं.

"वैनी, तुला काय वाटतंय?"

"मला लय भ्या वाटतंय, वन्सं." वैनीनं बाळाचे पाय दुपट्यात गुंडाळले. "त्ये आलं तर बरंच. न्हाई आलं, तर फुडचं पोर न्हाई, आन् ही मातर जल्मभर नकुसाच. मग तिनं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

"तुझ्या मनात हाय का एखादं नाव?"

"गेल्या श्रावणात देवळाच्या दाराआडनं आबांची पोथी ऐकली. ही पोटात हुती. दसरथाला म्हनं रामाच्या आधी लेक हुती, शांता. आबांनी तिचं दोन शब्द वाचलं आन् गेलं की फुडं. मला वाटलं, जरा थांबावं की तितं."

अंजना बाहेर आली ती सरळ आबांपुढं उभी राहिली. "शांता चालंल का?"

"नाव ग्वाड हाय," आबा चाचरत म्हणाले. "पर तिला बापानं दुसऱ्याला देऊन टाकली, पोरी."

"बघ," आई म्हणाली. "लेक गेलेलीच."

तार आलीच तर या घरात बोट कुणाकडं वळेल हे अंजनाला लख्ख दिसत होतं. रडू येतंय असं वाटलं, पण आलं नाही.

"आये, दादा यावा म्हनून तू सांगशील तो उपास करीन, सांगशील त्या डोंगरावर अनवानी जाईन. पर त्याला माघारी आनायचं वझं ह्या एवढ्याशा पोरीच्या नावावर न्हाई टाकायचं. आन् आबा, दशरथानं दिली आसंल, आपुन देत न्हाई. उद्या मी तिच्या कानात शांता म्हननार. नकुसा म्हनायचं आसंल तर आत्या दुसरी बघा."